झांज एमपीथ्रीत कुठे जाते?

[दृश्य: रंगपट. आरशासमोर रंगणारे चेहरे, उघडा पेटारा]

कुडाळ तालुक्यातल्या एका गावची जत्रा. देवळामागे रंगपटात पेटारा उघडलाय. इथे प्रत्येक नट आपला चेहरा आपणच रंगवतो. भुवई ओढताना हात जराही थरथरत नाही, बघा.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, प्रवेश ठरतात, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतात. आज रात्री इथे जे बोललं-गायलं जाईल, ते उद्याच्या गावात तसंच्या तसं होणार नाही. आवाज टिपून ठेवायचा तर आजच.

[दृश्य: संकासुराचा प्रवेश, लहान मुलं मागे सरकताना]

आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग, सुरू झाला. गणपती आला, सरस्वती आली, आणि आता काळ्या वेशातला संकासुर.

[दृश्य: वादकांचं बाकडं, झांज जवळून]

कडेला तिघे. पेटी, मृदंग, झांज. त्यांच्यासमोर दोन मायक्रोफोन लावलेत. रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर चालू आहे, म्हणजे तासाला साधारण १ जीबी. नाटक पहाटेपर्यंत चाललं तर पाच-सहा जीबी. याच आवाजाची १२८ किलोबिटची, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट खाणारी, एमपीथ्री केली, तर तासाला ६० एमबीसुद्धा भरत नाहीत. मग उरलेलं गेलं कुठे? आणि गेलेलं कानाला कळतं का?

[दृश्य: युद्धाचा प्रवेश. तलवारी, गिरक्या, मृदंगावर पडणारा हात]

युद्धाच्या प्रवेशात मृदंगाची थाप पडते, त्या क्षणी पेटीचा बारीक सूर आपल्याला ऐकूच येत नाही. मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला झाकतो. एमपीथ्रीचं सगळं काम या झाकण्यावर उभं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तंत्र घडवलं, आणि १९९५ साली त्या फायलींना एमपीथ्री हे नाव मिळालं. कानाला जे ऐकू येणार नाही ते ढोबळ लिहायचं किंवा टाकूनच द्यायचं, आणि जागा वाचवायची. एकदा टाकलेलं परत मिळत नाही.

फ्लॅक या फाइलप्रकाराची गोष्ट वेगळी. २००१ साली आलेला हा प्रकार आवाजाची घडी घालतो, काही टाकत नाही. फाइल मूळच्या निम्म्या-पाऊण आकाराची होते, आणि उघडली की मूळचा बिट न् बिट परत मिळतो.

[दृश्य: लॅपटॉपवर आवाजाचं चित्र, वर झांजेचे उभे पट्टे]

चित्रात जितकं वर, तितका उंच सूर. हे झांजेचे ठोके. खालपासून वरपर्यंत सरळ उभे. आता त्याच तुकड्याची १२८ ची प्रत बघा. साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं. चित्रात हे डोळ्यांना लगेच दिसतं, पण डोळ्यांना दिसलं म्हणजे कानांना कळलं असं नाही. चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांचे कान त्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत.

झांजेची खरी अडचण दुसरीकडे आहे. एमपीथ्री आवाजाचे साधारण २४ ते २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडते. तुकड्याच्या मध्यावर टोला पडला, तर मोजणीतली चूक पूर्ण तुकडाभर पसरते, म्हणजे टोल्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. टोला पडण्याआधीच एक बारीक ‘श्श’ येतो. यासाठी तुकडे लहान करण्याची सोय आहे, पण बिट कमी असले की तीही अपुरी पडते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या चाचणीच्या सीडीवर कॅस्टनेट्सचा, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्यांचा, एक तुकडा आहे, आणि असं तंत्र तपासणारे तो हटकून लावतात. आमच्याकडे त्या कामाला झांज आहे, आणि ती कॅस्टनेट्सहून कमी कठीण नाही.

[दृश्य: सकाळ. सभामंडप, हेडफोन लावलेले कलावंत एकेक करून]

दुसऱ्या दिवशी सकाळी, याच सभामंडपात. चाचणी साधी आहे, पण शिस्तीची. ‘अ’ म्हणजे मूळ, ‘ब’ म्हणजे एमपीथ्री. ‘क्ष’ या दोघांपैकी एक, आणि तो कुठला हे फक्त संगणकाला ठाऊक. ऐकणाऱ्याने ओळखायचं. असं १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ ही रेघ. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवावा लागतो, कारण किंचित मोठा लागला तरी तोच चांगला वाटतो. हेडफोन वायरचे. ब्लूटूथ आपल्या परीने आवाज पुन्हा दाबतो, मग चाचणी कशाची राहिली?

पेटीवाले डोळे मिटून ऐकताहेत. मृदंगाच्या साथीदाराची बोटं मांडीवर चाललीत. झांज वाजवणाऱ्या काकांनी १२८ चा तुकडा दोनदा ऐकला आणि हेडफोन काढला.

“ह्यो आमच्या झांजेचो आवाज नाय.”

[दृश्य: ३२० ची फेरी. काका पुन्हा पुन्हा कळ दाबताना]

आता ३२० किलोबिट. त्याच झांजेचा तोच तुकडा. काका मागे जातात, पुढे जातात, एकच टोला परत परत लावतात. आयुष्यभर जो ठोका हातातून निघाला, तो इथे शोधताहेत.

“माका काय फरक गावाक नाय.”

१२८ काकांनी सहज ओळखली. ३२० ला एकानेही १२ ची रेघ गाठली नाही.

[दृश्य: जुन्या कॅसेट, मेमरी कार्डं, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाणारी फाइल]

तरी मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवायची, याबद्दल आमच्या मनात जराही शंका नाही. एमपीथ्री उघडून कापली, पुन्हा एमपीथ्री केली, व्हिडिओला जोडली की दर वेळी नव्याने काहीतरी टाकलं जातं. आणि ज्या नाटकाची संहिताच नाही, त्याचं ध्वनिमुद्रण हीच संहिता. फिरत्या जुन्या ध्वनिमुद्रणांतली झांज आता बरीचशी गेलेली आहे.

[दृश्य: लॅपटॉप, दोन हार्डडिस्क]

रात्रीच्या नाटकाची फ्लॅक तयार झालीय. फाइलच्या माथ्यावर मूळ आवाजाची एमडी५ खूण लिहिलेली असते. पुढे कधीही ताडून बघता येतं, एक बिट हलला तरी कळतं. एक डिस्क नाटक कंपनीच्या मालकांकडे राहील, दुसरी वेगळ्या गावात. नटांच्या फोनवर ३२० ची एमपीथ्री गेलीय. पुढच्या जत्रेला जाताना गाडीत ती लागेल, आणि ऐकायला ती पुरेशी आहे, हे काकांनी स्वतः तपासलंय.