माळ्यावर कोण चाललंय?

[दृश्य: कोकणातलं कौलारू घर. मे अखेरची रात्र, मृगाला थोडेच दिवस उरलेत. अंगणातला दिवा मालवलेला.]

निवेदन:
आधी कौलांवर धप्प असा आवाज येतो. मग माळ्याच्या फळ्यांवरून कुणीतरी चालत जातं. उंदराची पळापळ हलकी आणि सलग असते. हे पाऊल जड आहे. दोन पावलं, मग शांतता, पुन्हा दोन पावलं.

सकाळी परसातल्या गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, सपाट दगडाच्या अगदी मधोमध, बोटभर जाडीची विष्ठा पडलेली असते. तिच्यात जांभळाच्या अख्ख्या बिया. शेजारच्या पपईच्या झाडावर एकच पिकलेलं फळ कुरतडलेलं, बाकीच्या हिरव्या फळांना हातही लागलेला नाही.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर एक धूसर फोटो. काळपट ठिपका, दोन चमकते डोळे.]

निवेदन:
आणि मग हा असा फोटो सगळ्यांना पाठवला जातो. अर्ध्या तासात उत्तरं येतात. कुणी म्हणतं रानमांजर, कुणी मुंगूस, आणि एक जण तरी ठामपणे सांगतो की हे बिबट्याचं पिल्लू आहे. त्या शेवटच्या उत्तरामुळे गाव काठ्या घेऊन बाहेर पडतं. प्राणी निरुपद्रवी असतो, पण नाव चुकल्यामुळे जीव जातो त्याचा.

चूक कुठे होते, तर लोक रंग आणि आकार बघतात. नेमक्या याच दोन गोष्टी रात्री फसवतात. विजेरीच्या पिवळ्या उजेडात राखाडी केस तपकिरी दिसतात. शेजारी ओळखीची वस्तू नसेल, तर दीड किलोचा प्राणी पाच किलोचा वाटतो. डोळ्यांच्या चमकेवरूनही काही ठरवू नका. उजेड कोणत्या कोनातून पडतो त्यावर ती चमक हिरवी, पिवळी किंवा तांबूस दिसते, एकाच प्राण्याची सुद्धा.

पहिला प्रश्न विचारायचा तो वेळेचा. मुंगूस दिवसाचा प्राणी आहे. अंधार पडला की ते बिळात जातं. त्यामुळे रात्री अकरा वाजता माळ्यावर जे चालतंय ते मुंगूस नाही, एवढं फोटो न बघताही सांगता येतं. पाठीवर पट्टे असलेली खार आणि सह्याद्रीतलं शेकरू, दोघंही दिवसाचेच.

[दृश्य: दुपार. कुंपणाच्या कडेने मुंगूस जातंय, मागच्या दोन पायांवर उभं राहून बघतं.]

निवेदन:
दिवसा दिसलं, तर मात्र मुंगूस हे नाव सगळ्यात आधी मनात यावं. "मुंगसा मुंगसा तोंड दाखव" असं म्हणत त्याच्यामागे धावलेली पोरं त्याची चाल कधी विसरत नाहीत. पाठ जमिनीला समांतर, डोकं खाली, आणि मधेच थांबून ताठ उभं राहणं. साधं राखी मुंगूस डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत 36 ते 45 सेंटीमीटर असतं, शेपूटही जवळजवळ तेवढीच. प्रत्येक केसावर गडद आणि फिकट वलयं असतात, म्हणून अंग मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. शेपटीचं टोक काळं आणि वर वळलेलं असेल, तर ते जंगलाकडचं दुसरं मुंगूस. मानेवर दोन्ही बाजूंना काळा पट्टा असलेलं तिसरं सह्याद्रीच्या दाट झाडीत आढळतं.

रात्रीच्या पाहुण्यासाठी आता शेपटीकडे बघा. रंग दिसला नाही तरी शेपटीची ठेवण अंधारात सुद्धा ओळखू येते.

[दृश्य: माडाच्या झावळीवरून उतरणारं उदमांजर. शेपटीवर कॅमेरा स्थिरावतो.]

निवेदन:
हे उदमांजर. कोकणात याला कांडेचोरही म्हणतात. नावात मांजर असलं, तरी मांजराच्या कुळातलं हे नव्हे. वजन दोन ते पाच किलो, म्हणजे घरच्या मांजराएवढंच, पण पाय आखूड आणि धड लांबट, म्हणून ते बुटकं वाटतं. शेपूट जवळजवळ धडाएवढी लांब, काळपट, आणि तिच्यावर एकही कडं नाही. चेहऱ्यावर काळा मुखवटा ओढल्यासारखा रंग, डोळ्याखाली पांढुरका डाग, आणि चारही पाय काळे. पाठीवर गडद ठिपक्यांच्या तीन रांगा असतात असं पुस्तकं सांगतात. आपल्याकडची पुष्कळ उदमांजरं इतकी काळपट असतात की त्या रांगा नीट दिसतच नाहीत. रांगा दिसल्या नाहीत म्हणून नाव बदलू नका.

याच्याशी ज्याची गल्लत होते, ते जवादी मांजर. त्याच्या शेपटीवर काळी आणि फिकट कडी स्पष्ट असतात, साधारण सात ते नऊ. अंगावरचे ठिपके बाजूने ओळीत मांडलेले, पाठीवर लांब रेघा, तोंड अरुंद आणि कान एकमेकांच्या जवळ. हे बहुतेक वेळ जमिनीवर असतं. माडावरून, नळाच्या पाइपावरून सरसर उतरणारा आणि माळ्यावर मुक्काम करणारा प्राणी म्हटलं, तर उदमांजराचीच शक्यता जास्त.

बिबट्याच्या पिल्लाचा गोंधळ याच ठिपक्यांमुळे होतो. पिल्लाचं तोंड गोल आणि आखूड असतं, नाक पुढे आलेलं नसतं. लांबट, टोकदार तोंड दिसलं की बिबट्या हा विषय संपला. उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तोडणीच्या वेळी पाचटात सापडणारी लहान ठिपकेदार पिल्लं कधी कधी वाघाटीची असतात. ही इतकी छोटी रानटी मांजर आहे की पूर्ण वाढ झाल्यावरही तिचं वजन दीड किलोच्या आसपास असतं, घरच्या मांजरापेक्षा कमी. पिल्लं बिबट्याची असोत की वाघाटीची, ती उचलून घरी आणायची नाहीत. त्या सरीतलं काम थांबवा, माणसं लांब घ्या आणि वनविभागाला कळवा. माणसांची ये-जा थांबली की आई अंधारात येऊन पिल्लं उचलून नेऊ शकते.

[दृश्य: चुलीतली राख चाळणीतून एका फळीवर चाळली जातेय.]

निवेदन:
प्राणी दिसतच नसेल, तर त्याच्याकडून सही घ्यायची. चुलीतली थंड राख पिठाच्या चाळणीने चाळून घ्या. साठ सेंटीमीटर लांब-रुंद फळीवर किंवा जुन्या फरशीवर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा थर द्या. थर जाड झाला तर पाऊल रुतून कडा ढासळतात, पातळ झाला तर बोटं उमटत नाहीत. गव्हाचं पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर येतात आणि खुणा पुसून जातात. उघड्यावर ठेवलेली राख दवाने गोळा होते, म्हणून फळी वळचणीखाली, जिथून वावर आहे अशा भिंतीलगत ठेवा.

सकाळी फोटो काढताना मोबाइल पावलाच्या बरोबर वर धरा आणि विजेरी एका बाजूने, जमिनीलगत. वरून फ्लॅश मारला तर सावली पडत नाही आणि खळगा सपाट दिसतो. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. फोटो कुणालाही पाठवलात, तरी माप सोबत जातं.

[दृश्य: राखेवर उमटलेलं पाऊल. बोटं एकेक करून दाखवली जातात.]

निवेदन:
आता बोटं मोजा. चार बोटं, गोल ठसा, नखं नाहीत, तर मांजर. चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे, तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं कमानीत आणि मागे लांबट तळवा, तर उदमांजर. पाच बोटं आणि पुढच्या पायाची नखं बोटांपासून बरीच लांब उमटलेली, तर मुंगूस. उंदीर, घूस, खार यांच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटं दिसतात. हा फरक फार उपयोगाचा आहे, कारण लहान पाऊल बघून सगळे उंदीर म्हणून मोकळे होतात.

एका ठशावर मात्र विसंबू नका. पाचवं बोट कधी टेकतच नाही, आणि मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला तर दोन पावलांचं एक मोठं पाऊल होतं. पळताना पाय घसरला की ठसा दीडपट लांबतो. सलग तीन-चार ठसे सापडले तरच नाव घ्या.

[दृश्य: गडग्यावरची विष्ठा. काडीने बिया वेगळ्या केल्या जातात.]

निवेदन:
विष्ठा हाताने नाही, काडीने उकलायची, आणि नाकातोंडावर फडकं बांधून. उदमांजर फळं गिळतं, बिया चावत नाही. जांभूळ, चिकू, कॉफी, भेरली माड यांच्या बिया तशाच बाहेर पडतात, आणि त्यातल्या कितीतरी रुजतात. त्याची विष्ठा दगडावर, गडग्यावर, कौलांच्या कण्यावर उघड्यावर टाकलेली दिसते. मुंगसाच्या विष्ठेत किड्यांची चमकती कवचं, केस, अंड्याच्या टरफलाचे कण मिळतात.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण तिथे वेगळीच गल्लत होते.

[दृश्य: भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंद्री. नाक सतत हलतंय. अगदी जवळून.]

निवेदन:
नाक बघा. सोंडेसारखं पुढे आलेलं, क्षणभरही स्थिर नाही. डोळे मोहरीच्या दाण्याएवढे. कान लहान, शेपूट मुळाशी जाड आणि तिच्यावर विरळ, लांब, उभे केस. पुढचे पायही पाच बोटांचे. ही चिचुंद्री, आणि ती उंदीर नाही. उंदराला पुढे पटाशीसारखे दोन-दोन दात असतात आणि ते वाढत राहतात, म्हणून तो लाकूड, वायर, पोतं कुरतडतो. चिचुंद्रीचे दात लहान आणि टोकदार, किडे फोडण्यासाठी. झुरळं, वाळवी, गांडुळं हा तिचा आहार. कपाटातल्या साड्या कुरतडल्या गेल्या, तर गुन्हेगार दुसरा कुणी शोधा.

तिचा वास अंगाच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथींमधून येतो. मांजर तिला मारतं, पण त्या वासामुळे बहुधा खात नाही. अंगणात न खाल्लेली, लांब नाकाची मेलेली "उंदरी" सापडली, तर ती हीच. आणि कधी पहाटे भिंतीलगत एक करडी दोरी वळत चाललेली दिसली, तर साप समजून काठी उचलू नका. आईच्या शेपटीच्या मुळाशी एका पिल्लाने दातांनी धरलेलं असतं, त्याच्या मागे दुसऱ्याने, त्याच्या मागे तिसऱ्याने. आई वळली की सगळी रांग वळते.

चिकटपट्टीचे सापळे आणि उंदरांचं औषध यांना ती सहज बळी पडते. झुरळं कमी करणारा प्राणी असा मेला की घरात झुरळंच वाढतात.

घूस ओळखायला सोपी. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढिगारा, सव्वा-दीड सेंटीमीटरच्या लेंड्या, खवल्यांची जाड शेपूट. मोठ्या जातीची घूस किलोभर वजनाची होते आणि कोंडीत सापडली तर पाठीवरचे लांब केस उभे करून गुरगुरते. तिच्या वावरातलं साचलेलं पाणी उघड्या जखमेला लागू देऊ नका, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची भीती खरी आहे.

[दृश्य: पुन्हा माळा. कौलांखालची फट, कडेला घासून काळी, गुळगुळीत झालेली.]

निवेदन:
नाव कळलं, आता करायचं काय? उदमांजर, जवादी मांजर, मुंगूस, रानमांजर या सगळ्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. पिंजरा लावून पकडणं, पोत्यात भरून दूर सोडणं हा गुन्हा आहे. त्याचा उपयोगही होत नाही. आई लांब सोडली गेली तर पिल्लं माळ्यावरच मरतात आणि घरभर दुर्गंधी पसरते. उदमांजराला एका वेळी दोन ते पाच पिल्लं होतात, आणि वर्षात कधीही होऊ शकतात. जखमी प्राणी किंवा एकटं पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. कोणताही प्राणी चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

फट बुजवायची पद्धत अशी. संध्याकाळी वर्तमानपत्राचा चुरगळलेला बोळा त्या फटीत सैल बसवा. सकाळी तो खाली पडलेला असेल, तर आत कुणीतरी राहतंय. दिवसा पिल्लांची चिवचिव ऐकू आली, तर काही आठवडे थांबायचं, पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत. मग पुन्हा बोळा. कौलाला टेकलेल्या आंब्याच्या फांद्या तोवर छाटून टाका, पिकलेली पपई आणि केळी संध्याकाळी उतरवून घ्या, शेगडीजवळचं खरकटं झाकून ठेवा.

[दृश्य: तिसरी सकाळ. बोळा जागच्या जागी. शिडीवर उभा माणूस जाळी मापतोय.]

निवेदन:
सलग तीन रात्री बोळा हलला नाही, म्हणजे माळा रिकामा आहे. आता बारा मिलिमीटर भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी फटीपेक्षा चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर मोठी कापा आणि वॉशर लावून स्क्रूने वाशाला बसवा. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली जाळी पावसाळ्यात लाकूड फुगलं की सुटते.