वारा, पदर आणि कॅमेरा

मंडळी, आत्ता पाहिलेल्या माहितीपटातला समुद्रकिनारा तुमच्या डोळ्यांपुढून हललेला नसणार. मागे लाटा, वाऱ्यावर उडणारी साडी आणि ‘कृष्णा नी बेगने बारो’. पद कानडी, अर्थ एवढाच की कृष्णा, लवकर ये. भरतनाट्यमच्या नर्तकी बालासरस्वती यांच्यावर सत्यजित राय यांनी केलेल्या ‘बाला’तला हा सगळ्यांत गाजलेला तुकडा. मला विचाराल तर सगळ्यांत फसलेलाही.

थांबा, चिडू नका. बालासरस्वतींचं या पदातलं काम अत्तराच्या फायासारखं, जवळ घेतल्याशिवाय कळायचं नाही. ओळ एकच, पुन्हा पुन्हा येणारी. पण दर खेपेला आई निराळी. कधी हाक मारते, कधी लटकं रागावते, कधी नुसतीच वाट पाहते. हे सारं भुवईत, मानेत आणि बोटांच्या टोकांवर. त्या बोटांमागे सतत हलणारा समुद्र ठेवलात, तर नजर कुठे ठरणार? वारा पदर ओढतो आणि आपण पदराकडे बघत बसतो. समुद्राला कोण सांगणार, बाबा रे, जरा सम बघून ये!

नृत्याच्या वर्गात मुलींकडून एक श्लोक घोकून घेतात: ‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’. हात तिथे नजर, नजर तिथे मन, मन तिथे भाव. कॅमेऱ्याची पंचाईत इथेच होते. चेहऱ्याजवळ गेलात की हात चौकटीबाहेर, हातांसाठी मागे सरकलात की डोळे दिसेनात. म्हणजे श्लोक मधोमध फाटला.

राय यांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांनी बालासरस्वतींना पहिल्यांदा पाहिलं ते 1935 साली, कलकत्त्यात. ते चौदा वर्षांचे, त्या सतरा. चित्रपट झाला 1976 मध्ये, तमिळनाडू सरकार आणि आपल्या मुंबईचं एनसीपीए हे कलाकेंद्र यांच्यासाठी. तोवर बाई 58 वर्षांच्या. ऐन उमेदीत चित्रण व्हायला हवं होतं, पण अजिबात न होण्यापेक्षा हे बरं, अशा अर्थाचं राय स्वतःच बोलून गेलेत.

जाता जाता एक. बालासरस्वतींचं घराणं तंजावरच्या दरबाराशी जोडलेलं. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला जो क्रम असतो, तो बसवणारे चार भाऊ त्याच दरबारातले, सरफोजीराजे भोसल्यांच्या पदरचे. आपण मात्र तंजावर म्हटलं की साडी विचारतो!

असो. माहितीपटातलं शेवटचं वर्णम, म्हणजे नृत्त आणि अभिनय दोन्ही असलेली भरतनाट्यममधली लांब रचना. इथे समुद्र नाही, वारा नाही. सातव्या वर्षी कांचीपुरमच्या देवळात पहिल्यांदा नाचताना घातले होते, तेच घुंगरू पायांत. शरीर जडावलेलं, लपवायचा प्रयत्नही नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते घासलेल्या कॅसेटवर, चित्रात मुंग्या आलेल्या. तरी एका वळणावर त्यांनी नुसती नजर उचलली आणि समोर कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं. कॅमेऱ्याने तिथे फार लुडबूड केलेली नाही. जगातल्या एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाने हात बांधून बसायचं, हे सोपं नाही हो.

आता दिवे पुन्हा घालवू या. वर्णम परत लावतोय. या खेपेला पायांकडे बघू नका, ते कानांवर सोडा. हाताच्या मागे नजर जाते कशी, तेवढं बघा.