सतराव्या अक्षराचं गारूड

श्रोतेहो, नमस्कार.

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी फोरचॅन या अमेरिकी संकेतस्थळावर एक निनावी मजकूर आला. हिलरी क्लिंटन यांच्या पासपोर्टवर ३० तारखेपासून नजर असेल, दंगली उसळतील, असा त्याचा आशय होता. ३० तारीख आली नि गेली, घडलं काहीच नाही. पुढे हा लेखक ‘क्यू’ नावाने ओळखला गेला. आपण ट्रम्प सरकारच्या आतल्या गोटातले, असा त्याचा दावा; आणि त्यावर विश्वास ठेवणारे वाचकही त्याला मिळाले. नंतरचे त्याचे मजकूर बघा: तुटक वाक्यं, आद्याक्षरं, प्रश्नच प्रश्न. प्रश्न खोटा ठरवायचा तरी कसा?

या मजकुरांना वाचक म्हणत ‘क्रम्ब्स’, म्हणजे पावाचा चुरा. आणि तो जोडून अर्थ काढणारे ते ‘बेकर’. इंग्रजीत क्यू हे सतरावं अक्षर, म्हणून ट्रम्प यांच्या तोंडी सतराचा आकडा आला की ती क्यू खरा असल्याची खूण! शुद्धलेखनाची चूकसुद्धा मुद्दामच केलेली. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करायला कागदावरचं अक्षर बदलावं लागलं म्हणतात. इथे अक्षराला हातही लावावा लागत नाही.

सगळ्यात भुलवणारी युक्ती ‘डेल्टा’ची. क्यूचा मजकूर आणि ट्रम्प यांचं ट्वीट यांत किती मिनिटांचं अंतर, ते मोजायचं. कमी भरलं की दोघांचं संधान असल्याचा पुरावा. आता हिशेब मांडू. समजा, जागेपणीच्या १६ तासांत एकाची १२ ट्वीट्स आणि दुसऱ्याचे ५ मजकूर, वेळा कशाही विखुरलेल्या. कुठल्यातरी मजकुरानंतर १५ मिनिटांच्या आत ट्वीट येण्याची शक्यता साधारण ६० टक्के. दोघांची ओळखदेखील नसताना! न जुळलेले दिवस मात्र कुणी वहीत लिहीत नाही. गोम तिथेच आहे.

बरं, लिहिणारा एकच, याची तरी खात्री? ओळख पटायची ती पासवर्डमधून तयार होणाऱ्या ‘ट्रिपकोड’वरून. जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जात, त्यामुळे तो फोडता येई, आणि क्यूचा फुटलाही.

गूढ मजकूर हाती आला तर घटनेच्या आधीच कागदावर लिहा: अर्थ काय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय झालं तर आपण चुकलो. तोच मजकूर दुसऱ्या कुणाला वेगळं बसवून वाचायला द्या. दोघांचे अर्थ क्वचितच जुळतात.

डेल्टा घरीही करून पाहा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पाच मेसेज घ्या आणि गावच्या एसटीच्या वेळा. लोकलच्या घेऊ नका, सगळेच जुळतील.