जॅझ-ब्लूजच्या कॉर्ड: मधल्या दोन तारा सांभाळा

नमस्कार मंडळी! आज गिटार हातात घेऊनच बसा, आणि मी थांबा म्हटलं की व्हिडिओ थांबवून वाजवून बघा.

साधा ब्लूज जमतो, पण जॅझकडे वळलं की कॉर्डच्या आकारांचे तक्तेच्या तक्ते समोर येतात आणि माणूस तिथेच अडतो. मीसुद्धा दोन वर्षं तक्ते पाठ करण्यात घालवली. नंतर कळलं की तिसरी आणि चौथी तार, या मधल्या दोन तारांवर बोटं कुठून कुठे जातात तेवढं पाहिलं, तर अख्खा जॅझ-ब्लूज हातात बसतो. आज तेच करू.

आपण बी फ्लॅटमध्ये वाजवणार आहोत. गिटारवाल्यांना ई आणि ए सोयीचे, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. पण जॅझमध्ये पुढे असतात ती फुंकून वाजवायची वाद्यं, आणि ट्रम्पेट काय, टेनर सॅक्सोफोन काय, ही बी फ्लॅटमधली वाद्यं. आपल्याकडे मुंबईत जॅझ वाजवणारे आणि सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले गोव्याचे चिक चॉकलेट, तेही ट्रम्पेटवालेच. अशा मंडळींबरोबर बसायचं तर बी फ्लॅट हातात हवाच.

[डावा हात जवळून दाखवणे]

बी फ्लॅट सेव्हन. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर ६ वा फ्रेट, मधलं बोट. हा रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ स्वर. त्याच बोटाचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकू द्या, म्हणजे ती वाजणार नाही. चौथ्या तारेवर ६ वा फ्रेट, अनामिका. तिसऱ्या तारेवर ७ वा, करंगळी. पहिल्या दोन तारा म्यूट. झाली कॉर्ड, तीनच स्वर.

बी फ्लॅटला सा धरलं, तर चौथ्या तारेवर कोमल निषाद आहे आणि तिसऱ्या तारेवर शुद्ध गंधार. पंचम घेतलाच नाही. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधार सांगतो, आणि तिला पुढे सरकायची ओढ निषाद लावतो. पंचम नसला तरी कॉर्डचा स्वभाव बदलत नाही.

आता ई फ्लॅट सेव्हन. मधलं बोट त्याच फ्रेटवर पाचव्या तारेवर आणा. चौथ्या तारेवर ५ वा फ्रेट, तर्जनी. तिसऱ्या तारेवर ६ वा, अनामिका. थांबा, रूट सोडून द्या आणि फक्त मधल्या दोन तारा वाजवा.

[दोन तारा, चार वेळा, सावकाश]

दोन्ही तारांवर बोटं एकेक फ्रेट खाली आली. कोमल नी होता, त्याचा शुद्ध ध झाला. शुद्ध ग होता, तो कोमल झाला. पुन्हा ऐका... शुद्ध गंधार, कोमल गंधार. मला ब्लूजचा सगळा जीव या एका फ्रेटात वाटतो. राग जोग ऐकला असेल तर दोन गंधार आणि कोमल निषाद तुमच्या कानाला नवे नाहीत. जोगची चाल वेगळी, ब्लूजची वेगळी, पण कान आधीच तयार आहे, तर त्याला कामाला लावा. वाजवताना तोंडाने ग म्हणा, मग कोमल ग म्हणा. बोटं आपोआप पाठोपाठ जातात.

ब्लूजचं एक आवर्तन १२ बारचं, बारला ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रा. पहिला बार बी फ्लॅट सेव्हन, दुसरा ई फ्लॅट सेव्हन, तिसरा पुन्हा बी फ्लॅट सेव्हन. चौथ्यात दोन मात्रा एफ मायनर सेव्हन: पाचवी तार ८, चौथी ६, तिसरी ८. मग दोन मात्रा बी फ्लॅट सेव्हन. पाचवा बार ई फ्लॅट सेव्हन.

सहावा बार मला फार आवडतो. मधल्या दोन तारांना हात लावायचा नाही. फक्त पाचव्या तारेवरचा रूट ६ वरून ७ वर न्यायचा. झाली ई डिमिनिश्ड. बास अर्ध्या स्वराने चढतो, वरचं जिथल्या तिथे, आणि सातव्या बारला बी फ्लॅटवर आलं की घरी पोचल्यासारखं वाटतं. बोटांची अदलाबदल करावी लागेल: पाचवीवर अनामिका, तिसरीवर मधलं.

आता आठव्या बारपासून बघा. साध्या ब्लूजमध्ये नवव्या बारला एफ सेव्हन येतो आणि दहाव्याला ई फ्लॅट सेव्हन. जॅझवाले तिथे दुरून चालत येतात. आठव्यात डी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह आणि जी सेव्हन, दोन-दोन मात्रा. नववा सी मायनर सेव्हन, दहावा एफ सेव्हन, अकराव्याला पुन्हा बी फ्लॅट. नावं लांबलचक आहेत, बोटांचं काम मात्र थोडं.

[पुन्हा डावा हात जवळून]

डी: सहावी तार १०, चौथी १०, तिसरी १०. जी: पाचवी १०, चौथी ९, तिसरी १०. सी: सहावी ८, चौथी ८, तिसरी ८. एफ: पाचवी ८, चौथी ७, तिसरी ८. आणि बी फ्लॅट, ६, ६, ७. आता फक्त चौथी तार ऐका: १०, ९, ८, ७, ६. सरळ जिना उतरतोय!

राहिलं शेपूट. अकराव्यात बी फ्लॅट आणि जी, बाराव्यात सी आणि एफ, दोन-दोन मात्रा. आकार हेच, की पुन्हा पहिल्या बारला.

उजव्या हातासाठी जॅझ गिटारवादक फ्रेडी ग्रीन ऐका. काउंट बेसींच्या ऑर्केस्ट्रात १९३७ ला आले आणि १९८७ मध्ये वारले तोवर तिथेच वाजवत राहिले. ॲम्प्लिफायर नाही, बारला चार आघात, कॉर्डचे दोन-तीनच स्वर, कधी कधी एकच. आघात झाला की डावा हात किंचित सैल करा. बोटं तारेवरच ठेवा, दाब तेवढा काढा. स्वर कापला जातो आणि लय चालायला लागते.

हे नीट बसलं की दुसरी तार उघडा. बी फ्लॅटमध्ये चार बोटं क्रमाने लावा आणि करंगळी दुसऱ्या तारेच्या ८ व्या फ्रेटवर ठेवा, धैवत मिळेल. ई फ्लॅटमध्ये अनामिका आडवी करून तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर ६ वा फ्रेट धरा, पंचम मिळेल. वरच्या अंगाला ध-प अशी छोटी चाल तयार होते. पण आठवडाभर तरी याची घाई करू नका.

या आठवड्यात एवढंच करा. फोनवर फक्त रूट वाजवून पाच आवर्तनं रेकॉर्ड करा, मेट्रोनोम ६० वर. मग ते लावून, सहाव्या-पाचव्या तारेला हात न लावता मधल्या दोन तारा वाजवा. कुठल्या बारात आहोत हे न मोजता कळायला लागलं की वेग ८० करा.

चला, आता एक आवर्तन पूर्ण वाजवतो. तुम्हीही बरोबर या. एक, दोन, एक दोन तीन चार...

[न बोलता १२ बार]