कपाशीची फवारणी आणि पेशींचे निरोप

राम राम मंडळी, बरं शे ना? जळगाव, धुळे, नंदुरबार, जिकडून ऐकताय तिकडे कपाशी कमरेला लागलीये, मावा-तुडतुडे आलेत आणि सकाळी सकाळी पाठीवर पंप चढतायत. आजचा विषय खरं तर पेशी एकमेकींशी कशा बोलतात हा, पण मी तो फवारणीच्या बाजूनेच सांगणारे, कारण पुस्तकातल्या बाजूने सुरू केलं तर तुम्ही लगेच स्टेशन बदलाल.

हात हलवायचा तर मेंदूकडून निघालेला हुकूम नसेतून स्नायूपर्यंत यायला पाहिजे. पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मधे फट असते, केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग एवढीच. नसेतली वीज ही फट ओलांडत नाही. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, अ‍ॅसिटाइलकोलिन, ते पलीकडे जाऊन स्नायूच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यात रोवलेलं एक प्रोटीन, ठराविक रसायन आलं की आकार बदलणारं. स्नायूवरच्या रिसेप्टरला अ‍ॅसिटाइलकोलिनचे दोन रेणू चिकटले की त्याचं भोक उघडतं, सोडियम आत घुसतं आणि स्नायू आखडतो.

हे रसायनाने होतं हे दाखवलं ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात. त्याला म्हणे प्रयोग झोपेत सुचला, रात्री उठून कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री परत सुचलं तेव्हा गडी थेट लॅबमध्येच गेला. बेडकाचं एक हृदय घेतलं, त्याची नस चेतवून ठोके मंद केले, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंद पडलं, त्याच्या नसेला हातसुद्धा न लावता! म्हणजे निरोप पाण्यातून गेला. हे छापून आलं १९२१ मध्ये आणि १९३६ चं नोबेल त्याला हेन्री डेलसोबत मिळालं.

आता गंमत बघा, रसायन तेच, पण स्नायूत ते आकुंचन घडवतं आणि हृदयात ठोके कमी करतं. असं कसं? तर निरोपाचा अर्थ रसायनात नसतोच, तो ऐकणाऱ्या पेशीकडे कोणता रिसेप्टर आहे त्यावर ठरतो. हातापायाच्या स्नायूवर एक जात, तिला निकोटिनिक म्हणतात, तंबाखूतलं निकोटिनही तिला चिकटतं. हृदय, लाळेच्या ग्रंथी, फुप्फुसातल्या नळ्या, डोळ्याची बाहुली इथे दुसरी जात, मस्कारिनिक.

आणि निरोप दिला की तो पुसावाही लागतो, नाहीतर मोटार चालू करून गडी घरी गेल्यावर वावराचं जे होतं तेच शरीराचं होईल. पुसायचं काम एक एन्झाइम करतं, त्याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटाइलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. अळीतही आणि माणसातही, कारण आपलं आणि किड्याचं हे यंत्र बरंच सारखं आहे. कातडीतूनही ते आत जातं, ओल्या सदऱ्यातून तर आरामात.

मग भाऊ घरी येऊन म्हणतो, डोयासमोर अंधारी ई ऱ्हायनी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, छातीत घरघर, स्नायू फडफडतायत. हे सगळं न पुसलेल्या निरोपांमुळे. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन देतात, ते धोतऱ्यातही असतं, ते मस्कारिनिक रिसेप्टर अडवून बसतं, म्हणून छाती कोरडी होते, ठोके वाढतात. पण स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला ते काहीच करत नाही, त्यामुळे श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटरच लागतो, आणि म्हणून घरी दूध-तूप पाजत बसू नका.

यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट नागाची. नागाचं विष स्नायूवरचा रिसेप्टरच झाकून टाकतं, निरोप येतो पण ऐकायला कोणी नाही, पापण्या गळतात. तिथे प्रतिविषासोबत डॉक्टर निओस्टिग्मिन देतात आणि ते काय करतं तर तेच एन्झाइम अडवतं, जे फवारणीचं औषध अडवतं! फक्त मोजून आणि थोड्या वेळापुरतं, म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलिन साठून विषाला टक्कर देतं. सोबत लाळ-ठोके सांभाळायला अ‍ॅट्रोपिन असतंच. मण्यारीला मात्र हा उपाय सहसा लागू पडत नाही, तिचं विष मुख्यतः नसेचं टोकच बिघडवतं, निरोपच सुटत नाही तर साठणार काय?

सगळी कीटकनाशकं एकाच ठिकाणी मारत नाहीत. इमिडाक्लोप्रिड एन्झाइमला हात लावत नाही, ते निकोटिनिक रिसेप्टरलाच चिकटतं, किड्याच्या जास्त घट्ट, आपल्या कमी. सायपरमेथ्रिन नसेतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. शिवाय प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेला डबाही मिळतो. म्हणून कोणाला त्रास झाला तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, १०८ ला फोन लावा आणि जाताना डबा सोबत घ्या, नाहीतर लेबलचा फोटो तरी. 'कपाशीचं औषध' एवढ्यावरून डॉक्टरला कळत नाही की एन्झाइम अडलंय का रिसेप्टर.