परकी भाषा, कोणाच्या खर्चाने?

(दृश्य : ओझरचा विमान कारखाना आणि धावपट्टी)

नाशिकहून मुंबई–आग्रा महामार्गाने निघाले की वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत उड्डाण केले आणि त्या दिवशीच्या बातम्यांत ‘स्वदेशी’ हा शब्द साहजिकच वारंवार आला. हा कारखाना उभा राहिला तो मात्र रशियन भाषेच्या आधाराने.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ पासून सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ विमाने बांधण्याचा प्रकल्प ओझरला आकार घेऊ लागला. विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातील कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक साहित्य हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. परवाना म्हणजे केवळ सहीशिक्क्याचा कागद नव्हे. त्याच्यासोबत आराखडे, सुट्या भागांच्या याद्या, धातूंची प्रमाणके, तपासणीचे तक्ते आणि देखभालीच्या पुस्तिका येतात, आणि येथे त्यांची मूळ भाषा रशियन होती. त्यामुळे कारखान्याला जसे फिटर आणि टर्नर लागले, तसे रशियन जाणणारे भाषांतरकारही लागले. रशियन लिपीत रोमन ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते आणि ‘एच’सारखे दिसणारे ‘न’ असते. इंग्रजीवर पोसलेला ड्राफ्ट्समन आराखड्याच्या कोपऱ्यातील दोन अक्षरी खुणेवरच अडखळतो, आणि विमानाच्या बाबतीत असे अडखळणे परवडत नाही.

ही रशियन आपल्याकडे कोणाच्या खर्चाने आली? काही अंशी आपल्याच. संरक्षण मंत्रालयाचे ‘स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस’ दिल्लीत १९४८ पासून चालू आहे, आणि १९६५ मध्ये दिल्लीतच रशियनच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली, जी पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. परंतु सर्वसामान्य विद्यार्थ्याला रशियनची गोडी लागावी यासाठी हात सैल सोडला तो सोव्हिएत सरकारने. अल्प किमतीत मिळणारी देखणी रशियन पुस्तके आणि त्यांची प्रदर्शने ज्यांनी पाहिली, त्यांना ते दिवस आठवत असतील. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि हा ओघ आटला. गंमत अशी की, ओझरची रशियनची गरज त्यानंतरही संपली नाही, कारण डिसेंबर २००० मध्ये सुखोई-३० एमकेआय भारतात बांधण्याचा करार झाला आणि पुढील वर्षांत दोनशेहून अधिक सुखोई विमाने याच कारखान्यातून बाहेर पडली.

(दृश्य : जुनी वर्तमानपत्रे, स्पुटनिकची छायाचित्रे)

या प्रश्नाचा विचार अमेरिकेने वेगळ्या रीतीने केला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेल्यावर त्या देशाला जो धक्का बसला, त्यातून ११ महिन्यांच्या आत ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा’ संमत झाला आणि चार वर्षांसाठी सुमारे एक अब्ज डॉलरची तरतूद झाली. विज्ञान आणि गणित यांच्यासोबत या कायद्यात परकी भाषांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. ज्या भाषा अमेरिकेत फारशा कोणी शिकत नव्हते, पण ज्यांच्या जाणकारांची सरकारला गरज पडू शकते, त्यांच्यासाठी विद्यापीठांत केंद्रे उघडावीत आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे त्यात ठरले.

दक्षिण आशियातील भाषांनाही या व्यवस्थेत जागा मिळाली आणि त्यांत आपली मराठी होती. पेनसिल्व्हेनिया आणि शिकागो या विद्यापीठांत मराठी शिकवली गेली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आपले बिऱ्हाड थाटले, आणि पुण्यात अमेरिकन विद्यार्थी मराठी बोलू लागले. अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणला घर केले. त्यांनी आणि जाई निंबकर यांनी परभाषकांसाठी तयार केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून प्रसिद्ध झाले. पी. एल. ४८० कराराखाली रेशनच्या दुकानांत जो अमेरिकन गहू आला, त्याच्या किमतीपोटी भारतात साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने येथील पुस्तके विकत घेऊन अमेरिकन ग्रंथालयांना पुरवली, आणि त्या खोक्यांतून मराठी कथा-कादंबऱ्याही समुद्रापार गेल्या. मराठीपासून अमेरिकेला कसलाही धोका नव्हता. कोणती भाषा केव्हा कामी येईल हे आधी कळत नाही, एवढेच त्या धोरणामागचे गणित होते, आणि ते मला शहाणपणाचे वाटते.

याचा अर्थ त्यांचे सर्व सुरळीत चालले असा नाही. सुरुवातीला अनुदानासाठी राजनिष्ठेचे प्रतिज्ञापत्र मागितले गेले, तेव्हा हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांनी त्याला विरोध केला आणि १९६२ मध्ये ती अट काढावी लागली. १९९१ च्या कायद्याने संरक्षण खात्यामार्फत शिष्यवृत्त्या आल्या, त्या घेणाऱ्यांवर काही काळ सरकारी नोकरी करण्याचे बंधन आले, आणि अनेक अभ्यासकांनी या पैशापासून चार हात दूर राहणे पसंत केले. शिवाय एवढा खर्च करूनही १० सप्टेंबर २००१ रोजी त्यांच्या यंत्रणेने टिपलेल्या अरबी संभाषणाचे भाषांतर झाले ते १२ तारखेला, म्हणजे ११ सप्टेंबरचा हल्ला होऊन गेल्यावर. त्यानंतर २००६ मध्ये अरबी, चिनी, रशियन, हिंदी, फारसी अशा भाषांसाठी पुन्हा नवी योजना आली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अनुभवानुसार इंग्रजी भाषकाला कामापुरती चिनी येण्यास ८८ आठवडे, म्हणजे २,२०० तासांचे वर्ग लागतात. संकट दारात आल्यावर हे तास कोठून आणायचे?

(दृश्य : देवळाली कॅम्प, तोफखान्याचे प्रशिक्षण)

आता आपल्याकडे पाहू. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात स्वीडनच्या बोफोर्सपासून रशियाच्या ग्रॅडपर्यंत अनेक देशांची आयुधे हाताळली गेली आणि २०१८ मध्ये कोरियन बनावटीची वज्र तोफ याच देवळालीत लष्करात दाखल झाली. यंत्रासोबत येणाऱ्या भाषेचा खर्च करारात कोठे ना कोठे भागतो. सीमेपलीकडच्या माणसाचे बोलणे समजून घेण्याची भाषा मात्र कोणत्याही विक्रेत्याकडून मिळत नाही.

महाराष्ट्रात जर्मन शिकायची तर मॅक्समुल्लर भवन आहे, फ्रेंचसाठी आलिऑन्स फ्रान्सेज आहे, आणि दोन्हींच्या पाठीशी त्या त्या देशांचा आधार आहे. पुश्तू, तिबेटी, म्यानमारची ब्रह्मी किंवा सिंहली शिकवण्यासाठी आपल्या शहरात येऊन कोण वर्ग उघडणार? या भाषा दिल्लीच्या त्या संरक्षण संस्थेत शिकवल्या जातात, पण तेथील जागा मुख्यतः सैन्यदलांतील आणि सरकारी सेवेतील लोकांसाठी आहेत. चिनीची कथा तर अधिकच बोलकी आहे. मुंबई विद्यापीठात चीनच्या सहकार्याने कन्फ्यूशियस केंद्र चालत होते. गलवानच्या संघर्षानंतर २०२० मध्ये सरकारने अशा केंद्रांचा फेरआढावा घेण्याचे ठरवले, आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शाळांत शिकवण्याजोग्या परकी भाषांच्या उदाहरणांतून, मसुद्यात असलेले चिनीचे नाव गळाले. परक्या सरकारच्या पैशाबद्दल सावध राहणे योग्यच आहे, परंतु ते दार लावताना आपल्या खर्चाने दुसरे उघडावे लागते. लष्कराला ते जाणवले असावे, कारण २०२३ मध्ये त्याने आपल्या जवानांच्या चिनीसाठी तेजपूर विद्यापीठाशी करार केला आणि पुढे प्रादेशिक सेनेत चिनीचे जाणकार अधिकारी म्हणून घेतले. त्यांची संख्या पाच होती.

सरकार मनावर घेते तेव्हा पैसा निघतो. जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मध्ये झालेल्या करारानंतर महाराष्ट्र शासनाने १० हजार तरुणांना जर्मन शिकवण्याचा खर्च स्वतः उचलण्याचे ठरवले. तो खर्च रोजगारासाठी होता आणि त्यात गैर काही नाही. पण नोकरीच्या बाजारात ज्या भाषेला भाव नाही, तिचा भार सरकारखेरीज दुसरे कोणी उचलणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोई विमानांसाठी सुमारे १३,५०० कोटी रुपयांचा करार झाला, म्हणजे एका विमानाला अकराशे कोटींहून अधिक. ही विमाने ओझरलाच बांधली जाणार आहेत. परकी भाषा पदवीपर्यंत शिकण्यासाठी नाशिकच्या मुलांची वाट मात्र बहुधा पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटकडे वळते. नाशिकला असा विभाग उघडायचा झाला तर त्याला लागणारी रक्कम विमानांच्या हिशेबात नजरेतही भरणार नाही. त्यातील पहिला खर्च शिक्षकांवर व्हायला हवा, कारण तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक पुढच्या वर्षी असेल की नाही याचीच खात्री नसताना, चार-पाच वर्षे सलग चालणारी ब्रह्मी किंवा तिबेटी त्याने कोणाच्या भरवशावर शिकवायला घ्यावी?