मर्मर, हिरड्या आणि औषधाचा एक डोस

स्टेथोस्कोपची चकती मुलाच्या छातीवर टेकते आणि हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये फुंकर घातल्यासारखा बारीक आवाज ऐकू येतो. यालाच मर्मर म्हणतात. कित्येक निरोगी मुलांमध्ये, विशेषतः ताप असताना, असा आवाज आढळतो आणि वयाबरोबर तो बहुधा नाहीसा होतो. अशा निर्दोष मर्मरसाठी औषधही लागत नाही आणि खेळण्यावर बंधनही नसते.

इको म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची तपासणी; तिच्या पडद्यावरचे लाल आणि निळे रंग रक्त शुद्ध की अशुद्ध हे सांगत नाहीत, ते प्रवाहाची दिशा दाखवतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर तेथून रक्त उसळताना हे रंग एकमेकांत मिसळतात. छिद्र लहान असले तरी अरुंद वाटेतून रक्त वेगाने जात असल्यामुळे आवाज मोठा येऊ शकतो; म्हणूनच आवाजावरून दोषाची तीव्रता ठरवू नये.

आता दंतवैद्याची खुर्ची. दात काढताना हिरडीतून रक्त येते, त्याच वाटेने तोंडातील जिवाणू रक्तात शिरतात आणि सदोष झडपेवर किंवा कृत्रिम भागावर ठाण मांडू शकतात. हाच एंडोकार्डायटिस, त्यात झडप निकामी होऊ शकते आणि कित्येक आठवडे शिरेवाटे औषधे द्यावी लागतात.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 मध्ये याविरुद्ध प्रतिबंधक प्रतिजैविकांची शिफारस केली आणि पुढे अनेक वर्षे ती हृदयदोष असलेल्या बहुतेक मुलांना लागू राहिली. 2007 मध्ये ही यादी जाणीवपूर्वक आखूड करण्यात आली, कारण क्वचित होणाऱ्या दंतोपचारापेक्षा रोजच्या चावण्यातून आणि दात घासण्यातूनच जिवाणू कितीतरी अधिक वेळा रक्तात जातात. ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, पूर्वी एंडोकार्डायटिस झालेला आहे, ओठ-नखे निळी पडणारा जन्मजात दोष दुरुस्त झालेला नाही किंवा छिद्र बुजवणाऱ्या कृत्रिम पट्टीजवळ गळती उरली आहे, अशी मुले प्रामुख्याने यादीत राहिली. दुरुस्त न केलेले साधे छिद्र यादीत नाही, आणि मर्मर तर कधीच पुरेसे कारण नव्हते.

ज्यांना गरज आहे, त्यांना अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाची ॲलर्जी नसल्यास त्याचा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 50 मिलिग्रॅम, कमाल 2 ग्रॅम, असा एकच डोस उपचाराआधी 30 ते 60 मिनिटे देतात. दुधाचा दात आपोआप पडला, तर हा डोस लागत नाही. घरात उरलेले औषध पालकांनी स्वतःच्या मनाने देऊ नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. नंतर ताप रेंगाळला, तर आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जिवाणू शोधणारी तपासणी, व्हायला हवे, कारण आधीच दिलेले औषध जिवाणू लपवते.

आणि ही हृदयाचे छिद्र बंद केलेल्या एका मुलाची फाइल. दंतवैद्य तिच्यात शस्त्रक्रियेची तारीख पाहत आहेत. कृत्रिम पट्टी लावून छिद्र पूर्ण बंद केले, तरी पहिले 6 महिने डोस लागतो. येथे 4 महिने झाले आहेत. आणखी 2 महिन्यांनी, गळती उरलेली नसेल, तर याच मुलाला याच खुर्चीत तो द्यावा लागणार नाही.